उष्णतेची वाट

जुन्या डिझेल गाडीची खरी परीक्षा नागपूरच्या सीताबर्डीत होते, आणि तीही मे महिन्यात. मोकळ्या रस्त्यावर गुमान धावणारी व्हॅन दुपारी मानस चौकाकडून लोखंडी पुलाखाली शिरते. पुढे सिटी बस, दोन्ही बाजूंना ऑटो, मागे हॉर्न. पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगत राहते आणि डॅशबोर्डवरचा काटा हळूहळू उजवीकडे कलतो. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. डांबरालगतची हवा त्याहून कितीतरी तापलेली असते आणि रेडिएटरच्या वाट्याला तीच येते.

आमची व्हॅन वडिलांच्या हातची. दुकानाचा माल तिनेच वाहिला, घरातल्या वराती आणि घरातली आजारपणंही तिनेच वाहिली. उन्हाळ्याच्या तोंडावर तिने हीट मारायला सुरुवात केली, तेव्हा ‘इंजिन काढून टाका’, ‘गाडीच विकून टाका’ असे सल्ले आले. मला मात्र तिचं पाणी नेमकं कशाने उकळतंय ते कळायला हवं होतं. रोग न समजता केलेला खर्च मला माणसाच्या बाबतीतही सोसत नाही.

म्हणून मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या बॉनेटला हातच लावला नाही. मी झाकणाकडे वळलो तर म्हणाले, ‘काहून घाई करता जी? थंडी होऊ द्या आधी.’ ही घाई खरोखर जिवावर बेतते. रेडिएटरचं झाकण आतलं पाणी दाबाखाली धरून ठेवतं, त्यामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि चेहरा-छाती भाजून निघते. रस्त्याच्या कडेला फडक्याने झाकण धरून फिरवणारा ड्रायव्हर दिसला की मी अजूनही गाडी थांबवून त्याला ओरडून सांगतो.

मग त्यांनी एकच विचारलं: गर्दीत तापते, की भरून पळवली की तापते? अर्धं निदान या प्रश्नात आहे. नुसती गर्दीत तापत असेल तर पंखा, बेल्ट किंवा जाळीत अडकलेली धूळ पाहायची, कारण गाडी उभी असताना वारा फक्त पंख्याचाच असतो. वाऱ्याला तोटा नसतानाही, अमरावती रस्त्यावर माल भरून चढ चढताना काटा वर जात असेल, तर पाण्याची आतली वाट अडली आहे. आमची गर्दीत तापायची, पण चढावर त्याहून जास्त.

डिझेल जाळून मिळालेल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकापर्यंत पोहोचतो. तेवढाच धुराबरोबर जातो आणि तेवढाच पाण्याला उचलून बाहेर टाकावा लागतो. रुडॉल्फ डिझेलने १८९३ च्या आपल्या पुस्तकात असं इंजिन मांडलं होतं की ज्याला थंड करण्याची गरजच पडू नये. पण १८९७ मध्ये आउग्सबुर्गला त्याचं जे इंजिन यशस्वी ठरलं, त्याच्या सिलिंडरभोवती पाणी खेळत होतं. लोखंडापुढे त्यालाही नमावं लागलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. उष्णता निर्माण करणाऱ्याला तिच्या जाण्याची वाटही करून द्यावी लागते. सीताबर्डीची टेकडीही काळ्या कातळाची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेल्या लाव्ह्याची आहे. तिच्या पायथ्याशी आपली गाडी उकळत उभी असताना मला ही गोष्ट दर वेळी आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंडगार असताना, तपासणी सुरू झाली. ‘पाणी कमी झालं म्हणजे कुठं तरी जाऊन राहिलं. ते पाहू आधी.’ झाकणाचं रबर पाहिलं, होज पाइप दाबून पाहिले, बेल्टवर अंगठा टेकवला. इंजिन सुरू करून रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते बराच वेळ पाहिलं. ते आले असते तर हेड गॅस्केट गेलं असं समजायचं, आणि मग खर्चाला मर्यादा नाही. बुडबुडे आले नाहीत. ऑइलही दुधाळ झालेलं नव्हतं. वॉटर पंप कोरडा होता. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात टाकला, शेजारी थर्मामीटर धरला. ऐंशीच्या आसपास तो शांतपणे उघडला. आपल्याकडे उन्हाळा आला की हा व्हॉल्व काढून फेकण्याची रीत आहे आणि ती सपशेल चुकीची आहे. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर, त्यामुळे इंजिनाला त्याची ठरलेली ऊब लागतेच. शिवाय ज्या इंजिनात बायपासची वाट असते, तिथे व्हॉल्व काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत फिरतं. गाडी आणखी तापते.

शेवटी मिस्त्रींनी इंजिन तापवून बंद केलं आणि रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरवला. वरून खाली, मग आडवा. एका ठिकाणी थांबले, माझा हात धरून तिथे टेकवला. भोवती चटका बसत होता आणि मध्ये ताटलीएवढी जागा कोमट होती. तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं.

हा दोष बनवणाऱ्याचा नव्हता, पाण्याचा होता. वर्षानुवर्षं आम्ही तिला बोअरचं पाणी पाजलं होतं. तापलं की त्यातला चुना बाहेर पडतो आणि नळीला आतून चिकटतो. तांब्यातून जेवढी उष्णता वाहते तिच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही या थरातून वाहत नाही. नागपूरकराला हा पांढरा थर ओळखीचा आहे, कूलरच्या ताट्यांवर दर उन्हाळ्यात तोच धरतो. मग गाडी हिवाळाभर कशी चालली? डिसेंबरच्या पहाटे हवा बारा अंश आणि इंजिनातलं पाणी नव्वद, म्हणजे अठ्ठ्याहत्तर अंशांचा फरक असतो. मेच्या दुपारी तोच फरक पंचेचाळीसवर येतो. उष्णता वाहते ती या फरकाच्या जोरावर. अर्धा तुंबलेला रेडिएटर थंडीत निभावून नेतो आणि उन्हात उघडा पडतो.

रेडिएटर कारागिराकडे गेला. त्याने बत्तीच्या ज्योतीने कथिलाचे डाग वितळवून वरची टाकी अलगद उचलली आणि खाली चपट्या नळ्यांची तोंडं उघडी पडली. काही काळी, काही पांढऱ्या खड्याने बंद झालेली. लांब, लवचीक पट्टी एकेका नळीत घालून तो खालीवर करू लागला. खालून करड्या चिखलाची धार आली, मग चुन्याचे पापुद्रे. पट्टी अडली की जोर न लावता मागे घ्यायचा, पाणी सोडायचा, पुन्हा घालायचा. अशी एकही नळी त्याने सोडली नाही. नवे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, प्लॅस्टिकच्या टाक्यांचे. ते असे सहज उघडत नाहीत, बिघडले की बहुधा बदलतात. तांब्या-पितळेचं हे काम करणारे हात त्यामुळे कमी होत चालले आहेत, आणि त्या हातांतलं ज्ञान लिहून ठेवलेलं नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

जोडणी झाल्यावर निम्मं शुद्ध पाणी आणि निम्मं कूलंट भरलं. भर दुपारी माल लादून अमरावती रस्त्याने कोंढाळीकडे निघालो. मिस्त्री शेजारी बसून फक्त काट्याकडे पाहत होते. मध्येच मी वेग कमी केला तर म्हणाले, ‘चालू द्या जी, तिला काम करू द्या.’ काटा मधोमध आला आणि चढावरही तिथेच राहिला.

सकाळी झाकण उघडलं तर पाणी बोटभर खाली गेलेलं. माझ्या छातीत धस्स झालं. मिस्त्रींनी बोट आत घालून पातळी पाहिली. आत कोंडलेली हवा निघाली होती, तेवढी जागा पाण्याने घेतली होती. त्यांनी तेवढं भरलं, झाकण घट्ट बसवलं आणि हात पुसत सांगितलं, ‘आता आठ दिवस रोज सकाळी पाहाचं. थंड्या गाडीचं, बरं का.’