क्रॉसरोड्सच्या दक्षिणेला

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधला प्रदेश केवढा आहे, हे नकाशा बघून कळत नाही. तो पार करायला किती वेळ लागतो, वाटेत कोण आडवं येतं आणि कंटाळा आला तर मधूनच परतायची सोय आहे का, यावरून कळतं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ 2004 साली आला तेव्हा त्यातलं पात्र सेकंदाला 7 यार्ड पळायचं. बसायला जनावर मिळायचं ते चाळिसाव्या लेव्हलला, तेही पैसे साठवून. मुक्कामी परत पोचवणारा हर्थस्टोन एकदा वापरला की पुढे तासभर बंद. म्हणजे कित्येक दिवस तुम्ही आणि तुमचे पाय.

मी हा गेम खेळले तो त्याच्या जुन्या रूपात, 2019च्या ऑगस्टमध्ये ‘क्लासिक’ म्हणून तो पुन्हा आणला तेव्हा. टोरांटोतल्या मामेभावामुळे. सबस्क्रिप्शन त्यानेच भरलं. सर्व्हर अमेरिकेतला आणि मी साताऱ्यात, त्यामुळे मी मारलेला घाव पाव सेकंद उशिरा लागायचा. दादा म्हणाला, “तायडे, तू हंटर घे. एक प्राणी पाळ. मार तो खाईल.”

आम्ही हॉर्डच्या बाजूचे. त्या बाजूचे ओर्क, ट्रोल, टॉरेन दहाव्या लेव्हलच्या सुमारास बॅरेन्समध्ये येतात आणि पंचविशीपर्यंत तिथेच फिरत राहतात. पिवळं गवत, विरळ झाडं, मधूनच एखादा जिराफ. उन्हाळ्यात माण तालुक्यातून एसटी जाताना खिडकीतून दिसतं, तसंच काहीसं. (जिराफ सोडून.) मधोमध क्रॉसरोड्स नावाचं ठाणं. तिथे कोणीतरी सांगतं, झेव्राचे चार खूर आणा. झेव्रा म्हणजे झेब्र्याचा भाऊ, चार पायांचा. पण पाच-पाच मारले तरी एक खूर मिळेल याची खात्री नाही! या विनोदावर गेमर लोक अजून हसतात.

मॅनक्रिकची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. लढाईत त्याची बायको हरवलीय, तिला शोधा, एवढंच तो सांगतो. नकाशावर ठिपका नाही. क्वेस्टच्या जागा नकाशावर दाखवायची सोय मूळ गेममध्ये आली डिसेंबर 2009मध्ये. तोवर बॅरेन्सच्या चॅटमध्ये दिवसरात्र एकच प्रश्न असायचा, मॅनक्रिकची बायको कुठे आहे? ती दक्षिणेला, रस्त्यापासून आत, एका झोपडीपाशी सापडते. मेलेली. मग परत उत्तरेला जाऊन नवऱ्याला सांगायचं. मला त्या क्वेस्टमधलं हे परत चालणंच सगळ्यात जड गेलं. कारण तेवढा वेळ बातमी फक्त आपल्यापाशी असते. ठिपका बघून गेलं, की तो नुसता निरोप होतो.

लढाई चालू असताना मी आणि दादा लढाईचंच बोलायचो. रस्त्यावर बोलायला विषय नसायचा, म्हणून बाकीचं सगळं निघायचं. एक बटण दाबलं की पात्र आपोआप पळत राहतं आणि हात मोकळे होतात. मी हेडफोन लावून चहा पीत असायचे, तिकडे दादाचं जेवण चाललेलं. दर रविवारी तो मामांना व्हिडिओ कॉल करायचा. मामा “जेवलास का?” विचारून फोन मामीकडे द्यायचे. मामा एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर हळूहळू विसरायला लागले. कॉलवर मामी समोर असल्यामुळे दादा मला त्यातलं काही विचारायचा नाही.

बॅरेन्सच्या दक्षिण टोकाला कडा आहे. तिथून ग्रेट लिफ्ट नावाचे दोन मोठे लाकडी पाळणे खाली थाउजंड नीडल्सच्या दरीत उतरतात. दरीत नुसते उंचच उंच दगडी सुळके. आम्ही क्रॉसरोड्सहून निघून टॉराहोच्या छावणीवरून, एकदा मरून, भूत होऊन परत आपल्या प्रेतापर्यंत धावत येऊन, तिथे पोचलो होतो. पाळणा खाली गेलेला. वाट बघणं आलं.

“मी आलो तर अण्णा ओळखतील का गं मला?” दादाने विचारलं.

मी म्हटलं, “परवा तुझं नाव नाही आठवलं त्यांना. पण लिंबफाटा, उडतारे, पाचवड, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, हे घडाघडा म्हणाले.”

पाळणा वर आला, थांबला, रिकामाच खाली गेला. दादाचं पात्र कड्यावर तसंच उभं होतं. मीही काही बोलले नाही. त्यानंतर आणखी दोन फेऱ्या गेल्या असतील.

मूळ गेममध्ये हे पुढे राहिलं नाही. 2007च्या एक्स्पान्शनमध्ये उडणारी जनावरं आली, पण फक्त नव्या भूभागात. 2010 साली ती जुन्या जगातही उडायला लागली. त्याच वर्षी बॅरेन्सचे उत्तर-दक्षिण असे दोन तुकडे झाले आणि थाउजंड नीडल्सच्या दरीत पाणी भरलं. उडणारं जनावर पायी वेगाच्या जवळजवळ चौपट जातं आणि वाटेतला राक्षस वर बघत राहतो. 2014मध्ये गेम बनवणाऱ्यांनी नव्या भूभागात उडणं बंदच ठेवलं, तेव्हा खेळाडू भयंकर चिडले. 2015मध्ये तोड निघाली: आधी जमिनीवरून सगळं हिंडा, मग पंख. मला हा सौदा रास्त वाटतो. गेन्शिन इम्पॅक्टमध्येही आधी पायी पोचलात तरच वेपॉइंट उघडतो.

नुसतं मोठं असूनही भागत नाही. 1996चा डॅगरफॉल हा एकट्याने खेळायचा गेम. त्याचं जग ग्रेट ब्रिटनएवढं असल्याचं सांगितलं जायचं. पण मधली जमीन बहुतेक कॉम्प्युटरनेच भरलेली, त्यामुळे माणसं ती ओलांडायच्या भानगडीत न पडता सरळ नकाशावर शहर निवडून पोचायची.

दादा आणि मी आता दुसरा एक गेम खेळतो. दोन टॅपमध्ये हव्या त्या गावात. सोयीचं आहे, मी तक्रार करत नाही, मलाही सकाळी ऑफिस असतं. आम्ही पोचतो, मारायचं ते मारतो, “चल, ठेवतो” म्हणतो. अर्ध्या तासात सगळं उरकतं.

क्लासिकमध्ये एक मधली सोय होती, वायव्हर्नची. एखाद्या गावात आधी पायी जाऊन वायव्हर्नवाल्याला भेटलात, तर पुढच्या वेळी पैसे देऊन त्याच्या पाठीवर बसून तिथे जाता यायचं. रस्ता ठरलेला, मधे उतरता यायचं नाही. एकदा मी अशी निघाले होते आणि मामा माझ्या मागे उभे राहून बघत होते. खालून गवत, जिराफ, झोपड्या सरकत होत्या.

“विनावाहक विनाथांबा,” मामा म्हणाले.

“हो.”

“मग मधल्या गावातली माणसं कशानं जातात?”

“चालत.”

“उशीर होणार त्यांना,” ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.