शेवटच्या टप्प्याची काळजी

नाशिक

चि. भाच्यास,


दिवाळीला तू जबलपूरहून मोटारीने घरी येतो आहेस, याचा आनंद आहे. पेंचच्या जंगलातून गाडी सावकाश हाकीन आणि नागपूरला समृद्धी महामार्ग लागला की जनावरांची चिंता मिटली, असं तू लिहितोस. यातलं पहिलं मला पटतं, दुसरं पटत नाही. माझ्या मते खरी काळजी सिन्नर ते नाशिक या शेवटच्या टप्प्यात घ्यायला हवी. पेंचला जंगल आहे हे ओळखून रस्ता बांधला गेला. आपल्याकडे मात्र नजरेला शेत दिसतं, म्हणून जंगल नाही असं आपण धरून चालतो.

पेंचचा धडा आधी पाहू. तिथून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 चौपदरी होताना वन्यजीवप्रेमींना न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत 9 ठिकाणी जनावरांसाठी रस्त्याखालून वाट ठेवली गेली. त्यातली सर्वांत मोठी 750 मीटरची आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये तिथे कॅमेरे लावले, तेव्हा 18 जातींचे वन्यप्राणी या वाटांवर टिपले गेले. 11 वाघांनी त्या 89 वेळा वापरल्या. वाट ठेवली तर जनावर ती वापरतं, हे यातून सिद्ध झालं. समृद्धीवरही कुंपण आहे आणि प्राण्यांसाठी मार्ग आहेत. पण सिन्नरला तो सोडून तू नाशिक-पुणे रस्त्याला लागलास, की मोहदरीचा घाट उतरून शिंदे, पळसे, चेहेडी अशा दारणाकाठच्या गावांतून येशील. इथला ऊस वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ उभा असतो. त्यात आडोसा आहे, जवळ पाणी आहे, गावात भटकी कुत्री आहेत. बिबट्याची मादी याच उसात पिल्लं देते. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो, फड मोकळे होतात आणि आडोसा मोडलेला बिबट्या रात्री दुसरी जागा शोधत रस्ता ओलांडतो. तू नेमका त्याच दिवसांत येतो आहेस.

म्हणून या रस्त्याखालीही जनावरांसाठी वाट हवी. यावर कुणी म्हणेल, बिबटे पकडून जंगलात सोडा, म्हणजे प्रश्नच मिटला. जुन्नर भागात 2001 नंतर हेच मोठ्या प्रमाणावर झालं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 वर गेले. सोडलेलं जनावर जागच्या जागी थांबतही नाही. 2009 मध्ये कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला आणि पुढे वाहनाच्या धडकेने मेला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: 2020 मध्ये दारणाकाठी बिबट्याने लहान मुलांचे जीव घेतले, तिथल्या आईबापांनी बिबट्याच्या सोयीचा विचार का करावा? त्यांचं दुःख मोठं आहे, आणि माणसावर हल्ले करणारा बिबट्या पकडलाच पाहिजे. पण रस्त्याखालची वाट ही बिबट्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. अंधारात अचानक आडवं आलेलं जनावर दुचाकीस्वाराचाही जीव घेऊ शकतं. राहिला खर्चाचा मुद्दा. सगळीकडे पेंचसारखे पूल नकोत. ओढ्या-नाल्यांवरच्या मोऱ्या मोकळ्या ठेवल्या, त्यांच्याकडे नेणारं कुंपण घातलं आणि नव्या रुंदीकरणात त्या उंच बांधल्या, तरी पुष्कळ साधेल.

हे होईपर्यंत चालकाची सावधगिरी एवढाच आधार आहे. म्हणून माझं ऐक. सिन्नरला पोहोचण्याआधी दिवस मावळणार असेल, तर शिर्डीला मुक्काम कर आणि सकाळी उजाडल्यावर नीघ. रात्री यावंच लागलं, तर घाटात आणि उसाच्या पट्ट्यात पेंचमध्ये ठेवशील तोच वेग ठेव. आणि घरी आल्यावर या रस्त्यावरच्या मोऱ्यांसाठी आपण दोघांनी मिळून महामार्ग प्राधिकरणाला अर्ज करू. नाशिककरांनी मागितल्याशिवाय ते काम होणार नाही.

तुझा,
मामा