टाकीतला समुद्र

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून समुद्र केवढा लांब! पण खामगावच्या माझ्या भाचीला तो घरातच हवा होता. घरी दोन फुटांची काचेची टाकी, तीत दोन गोल्डफिश. टीव्हीवर तिनं प्रवाळाजवळ लपणारे नारिंगी-पांढरे मासे पाहिले आणि एका दुपारी, आई झोपलेली बघून, किलोभर मीठ टाकीत ओतलं. झाला समुद्र!

संध्याकाळी मी पोचलो तेव्हा एक मासा आडवा तरंगत होता. दुसऱ्याला बादलीतल्या साध्या पाण्यात सोडलं, तो कसाबसा वाचला. भाची रडून रडून दमली. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना? तसंच खाऱ्या पाण्यात या माशांच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. हे सांगितलं तर ती गप्पच. थोड्या वेळानं डोळे पुसत म्हणाली, "मामा, मग लोणारचं पाणी आणू. ते तर आपोआप खारं झालंय!"

म्हटलं, आधी बघून तर येऊ.

मेहकरवरून लोणारला गेलो. गावाच्या कडेला जमीन एकदम संपते आणि समोर एक प्रचंड वाडगं उघडतं. सुमारे १.८ किलोमीटर रुंद! अवकाशातून आलेला दगड काळ्या बसाल्ट खडकावर आदळला, त्याचा हा खड्डा. कधी आदळला? कुणी पन्नास हजार वर्षं म्हणतं, कुणी पाच लाखांच्याही वर. शास्त्रज्ञांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

काठावरच गोमुखाची धार आहे. ओंजळीत पाणी घेतलं, गार आणि गोड. भाचीनं वाकून खाली पाहिलं. "हे पाणी तळ्यातच जातं ना? मग तळं खारं काहून?"

प्रश्न लाखमोलाचा होता, बरं का! तळ्यात पाणी यायला वाटा आहेत, बाहेर वाहून जायला एकही नाही. गोड पाण्यातही खडकांतले क्षार विरघळलेले असतात, फक्त जिभेला कळत नाहीत इतके थोडे. उन्हानं पाण्याची वाफ होते. क्षार मात्र खालीच राहतात. हजारो उन्हाळे हे असंच चाललंय. म्हणजे या गोड धारेनंच तळं खारं करायला हातभार लावला!

पाऊस चांगला झाला की तळं चढतं आणि खारटपणा उतरतो. पाणी आटलं की उलटं. जून २०२० मध्ये तळं चक्क गुलाबी झालं होतं. पाणी कमी होऊन क्षार वाढले आणि मिठात रमणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं शोधून काढलं. बाटलीतला नमुना स्थिर ठेवला तर रंग तळाशी बसून वर पाणी नितळ!

खाली उतरलो. काठाला उग्र वास येत होता. इथलं खारं पाणी म्हणजे समुद्र नव्हे, त्यात धुण्याच्या सोड्याचा अंश भरपूर आहे. शास्त्रज्ञ पाण्याचा अल्कलीपणा पीएचने मोजतात. समुद्राचा पीएच आठच्या थोडा वर, तर लोणारच्या पाण्याचा दहाच्या आसपास नोंदलेला आहे. ते नारिंगी मासे त्यात तग धरणार नाहीत. शिवाय हे अभयारण्य आहे. भाचीनं बाटली मुकाट्यानं पिशवीत ठेवली.

घरी येऊन मात्र आम्ही रीतसर कामाला लागलो. वाचलेला मासा शेजाऱ्यांच्या टाकीत गेला. जुनी वाळू काढली, काच घासली. स्वयंपाकाच्या मिठात समुद्रातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम पुरेसं नसतं, म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ मागवलं आणि लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबानं बादलीत कालवलं. खरं प्रवाळ भाचीला हवंच होतं. पण आपल्या देशात खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते काढता येत नाही. म्हणून सच्छिद्र दगड रचले. हे दगड नुसते शोभेचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू या दगडांवर वस्ती करतात. त्यांना चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर मासा आणायचा नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला सहा आठवडे म्हणजे सहा वर्षंच!

पहिल्याच आठवड्यात पाणी बोटभर खाली गेलं. मे महिना, खामगावचं ऊन, दुसरं काय होणार? मी मिठाचं पाणी कालवायला बादली उचलली तर भाची ओरडली, "मामा, थांबा! मीठ आतच आहे ना, लोणारसारखं! साधं पाणी घाला!"

मी निमूटपणे बादली खाली ठेवली. आता तिनं काचेवर पेनाने रेघ मारलीय. रोज संध्याकाळी रेघेपर्यंत साधं पाणी घालते आणि कॅलेंडरवर फुली मारते. आज एकविसावी फुली. टाकीत अजून एकही मासा नाही, तरी शेजारची पोरं बघायला येतात.