सिरपूरचं हळदीकुंकू

इंदूरच्या धार रोडवरचा सिरपूर तलाव होळकरांच्या काळातला. 2022 साली रामसर यादीत आला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईची इथे ही पहिलीच फेरी.

पावसाळी सकाळ. गवतातून हळदीकुंकू बदकीण निघाली. काळ्या चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे ठिपके. हे नाव एखाद्या बाईनेच दिलं असणार! मागे नऊ पिल्लं, नुकतीच अंड्यातून आलेली. शेवटचं दगडांच्या फटीत अडकलं आणि ओरडू लागलं. तेवढ्यात कुत्रं आलं. बदकीण पंख मोडल्यासारखी फडफडत, लंगडत भलतीकडेच निघाली; कुत्रं तिच्यामागे.

मी घाईने डब्यातली पोळी काढली.

"पोळी कसली देतेस? त्यांना पाण्यातले किडे, शेवाळ लागतं. मला वाकता येत नाही, तू दगड सरकव."

दगड हलला, पिल्लू पाण्याकडे पळालं. मी छत्री आपटत कुत्र्यामागे धावले. ते जवळ येताच बदकीण भुर्रकन उडाली, आणि वळसा घालून पाण्यात पिल्लांपाशी उतरली.

आम्ही लांब बाकावर बसलो. आईने पिल्लं दोनदा मोजली. मग म्हणाली, "नऊ. आता चहा पाज."