रक्त जातंय कुठे?

अण्णांना पावसाळाभर लोहाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या आमच्या गावच्या डॉक्टरांवरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. अण्णा सत्तरीचे. गुडघे धरतात म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज घ्यायचे, तेही बहुतेक उपाशीपोटी, चहाबरोबर. मळ्यात जाताना मध्येच बांधावर टेकायला लागले. 'वय झालं' असं घरात सगळेच म्हणाले. मग पायांवर सूज आली, चार वाक्यं बोलली तरी धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन निघालं ७.२. पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की कमी धरतात. "रक्त कमी आहे, गोळ्या चालू करा, बीट-खजूर खा," एवढ्यावर काम संपलं. बीट लाल असतं, पण त्यात लोह फारसं नसतंच.

खरी गोम पुढे आहे. लोहाच्या गोळीने शौचाला काळी होते. अण्णांनी तसं सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळीमुळे होतं ते. चूक नव्हतं. पण जठरातून रक्त झिरपत असेल तरीही शौचाला काळीच होते, डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची. कधीपासून होतंय, एवढं जरी विचारलं असतं! शेवटी आम्ही त्यांना मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी अण्णांची खालची पापणी ओढून पाहिली, पांढरीफटक होती. नखं पाहिली, मधे खोलगट झालेली. जीभ पाहिली. आणि थेट विचारलं, "काका, काळी कधीपासून होते?" अण्णा म्हणाले, "गोळ्यांच्या आधीपासनंच की." दुर्बिणीतून तपासलं, तर जठरात व्रण. दुखण्याच्या गोळ्यांचा प्रताप. रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या.

पुरुषाच्या शरीरातून रोज जेमतेम एक मिलिग्रॅम लोह जातं. साधं खाऊनपिऊन असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं लोह संपत असेल, तर बहुतेक वेळा आत कुठेतरी गळती असते. कधीकधी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण एवढीच असते. म्हणून रक्त कमी निघालं की गोळी जरूर घ्या, पण रक्त जातंय कुठे हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय उठू नका.

हे सगळं मी दवाखान्याच्या व्हरांड्यात तावातावाने आईला सांगत होते. ती शांतपणे म्हणाली, "माझं आठ होतं, तू कॉलेजात असताना." पाळीत आठ-आठ दिवस अंगावरून जायचं. तांदूळ निवडताना ती कच्चे तांदूळ तोंडात टाकायची, ते मला चांगलं आठवतं. आजी त्यावरून तिला बोलायची. लोह कमी पडलं की असली भलती खावखाव सुटते, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आणि ज्यांच्यावर माझा राग, त्याच गावच्या डॉक्टरांनी तेव्हा तिला सोनोग्राफीची चिठ्ठी दिली होती. गर्भाशयात गाठ असेल, बघून घ्या म्हणाले होते. अण्णा म्हणाले, ऊस तुटून गेला की जाऊ. ऊस दरवर्षी तुटत गेला. पाळी थांबली आणि विषयही थांबला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त. एवढ्या जणींना असतो म्हणूनच तो कुणाला आजार वाटत नाही. अण्णांसाठी आम्ही मिरज गाठली. मुंबईचा भाऊ रजा टाकून आला. आईसाठी कुणी मोटारसायकलही काढली नव्हती. हे मला डॉक्टरांच्या त्या गोळ्यांपेक्षा जास्त सलतं.

परवा आईचं रक्त तपासून घेतलं. १०.४. बाईचं १२ हवं. पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली, म्हणजे आता तो हिशेबही लागत नाही. फेरिटिन आणि बी-१२ करायला दिलं आहे, मिरजेची सोमवारची वेळ घेतली आहे. भांगलणीला बायका सांगून ठेवल्यात, सोमवारी जमायचं नाही, असं ती म्हणते. बायकांना मीच फोन करून मंगळवारी बोलावलं आहे.