बाटलीतलं पाणी

सकाळी चालू करताना गाडी थरथरते, असं चार माणसांत सांगून बघा. प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. एक म्हणतो प्लग बदला, दुसरा म्हणतो कार्ब्युरेटर साफ करा, तिसऱ्याच्या मेहुण्याने तशीच गाडी विकून टाकलेली असते. 2009 च्या हिवाळ्यात आमच्या जुन्या व्हॅनला हे सगळे सल्ले मिळाले. आमचा निफाड तालुका थंडीसाठी बदनामच. सेल्फ मारला की बैलाने अंग झाडावं तशी गाडी हादरायची. दारं वाजायची, सीटखालचे पाने वाजायचे. मिनिट-दीड मिनिटात आपोआप शांत. मग दिवसभर तक्रार नाही.

एरवी मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण आठवड्यातून दोनदा पहाटे 5 ला निघून हिला नाशिकला डायलिसिससाठी न्यावं लागायचं. कांदा एक दिवस उशिरा मार्केटला गेला तर फार तर भाव पडतो. हिची पाळी चुकवून चालणार नव्हतं.

तालुक्याच्या गावी एका गॅरेजवाल्याने प्लग बदलले, मग माउंटिंगची रबरं बदलली. 2 हजार गेले, थरथर तशीच. शेवटी म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल, 25 हजार धरून चाला, गाडी आठ दिवस राहील.

मी गावातल्या मिस्त्रीला बोलावलं. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची उमर गेलेली. त्याने सीटसुद्धा उचललं नाही. (या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं.) नुसतं विचारलं, "आप्पा, कशी थरथरते ते राहू द्या. कधी थरथरते?"

म्हटलं, रात्रभर उभी राहिली की. दुपारी बंद करून तासाभराने चालू केली तर काही नाही.

"मग रबरांचा काय संबंध? रबरं गेली असती तर गरम गाडीही उभ्या जागी हादरली असती. चोकची भानगड असती तर काळा धूर आला असता, पेट्रोलचा वास आला असता."

ढोरांचा डॉक्टरही असाच असतो. चांगला असेल तर गाईला हात लावायच्या आधी विचारतो, कधीपासून, आणि काय खाल्ल्यावर.

मिस्त्रीने मग समजावून सांगितलं. हे इंजिन तीन सिलेंडरचं. क्रँक दोन फेरे फिरतो तेवढ्यात तिघांनी एकेकदा जोर लावायचा. तिघांनी मिळून पोतं उचललं आणि एकाने हात काढला, की बाकीचे दोघं हेलपाटतात. तसं यातलं एक सिलेंडर पहिलं मिनिटभर कामावर येत नव्हतं. कोणतं ते त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी काढलं. थरथर चालू असताना जाड रबरी हातमोजा घालून एकेका प्लगची लीड उपसली. पुढची काढली, गाडी बंद पडायला आली. मागची काढली, तेच. मधली काढली तर इंजिनाला पत्ताच नाही.

"मधलं. पण प्लग नवा, करंट येतोय. मग का मरतंय?"

ही ओट्यावर शाल पांघरून बसली होती. तिथूनच म्हणाली, "अहो, गाडीच्या त्या बाटलीतलं पाणी जातं कुठं?"

डॉक्टरांनी हिला दिवसाला 1 लिटर पाणी ठरवून दिलेलं. चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यात धरायचं. स्वतःच्या बाटलीवर तिने रेघा मारून घेतल्या होत्या. पाण्याचं माप तिच्या डोळ्यांतच बसलं होतं. पुतण्या व्हॅनच्या कुलंटच्या बाटलीत पाणी टाकतो आणि चार दिवसांत ते बोटभर उतरतं, खाली मात्र थेंब सांडलेला नसतो, हे तिने टिपलं होतं.

मिस्त्री म्हणाला, "वहिनी, हे आधी सांगायचं ना!"

"मला विचारलं कुणी?"

गाडी तापून उभी राहिली की आतल्या पाण्याला दाब असतो. हेड गॅस्केटला बारीक वाट मिळाली की तिथून ते सिलेंडरमध्ये झिरपतं. रात्रभर साचतं, सकाळी प्लग ओला, ठिणगी वाया. मिनिटभरात सुकलं की सगळं ठीक. पांढरा धूर यायचा, पण थंडीत सगळ्याच गाड्यांमागे पांढरी वाफ दिसते, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही.

खात्री करायला मिस्त्री पुन्हा पहाटे आला. गाडी चालू न करता तिन्ही प्लग काढले, सगळ्यांना बाजूला उभं केलं आणि सेल्फ मारला. मधल्या भोकातून पाण्याचा फवारा उडाला. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती, म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलं नव्हतं. इंजिन वाचलं होतं.

ही म्हणाली, "म्हणजे हिलाही पाणी सोसत नाही." आणि हसली. त्या दिवसांत ती फार हसायची नाही.

हेड उतरवलं. त्यावर सरळ पट्टी आडवी धरून मिस्त्रीने फिलर गेजची पात सरकवली, तर ती मध्ये आत गेली. हेड किंचित वाकलेलं. फेसिंग नाशिकलाच होणार होतं. दुसऱ्या दिवशी हिची पाळी होती, म्हणून आम्ही एसटीने गेलो. हेड गोणपाटात बांधून पायांशी ठेवलेलं. कंडक्टरने विचारलं, काय आहे? ही म्हणाली, "आमच्या गाडीचं डोकं." हिचं डायलिसिस चार तास चालायचं, तेवढ्यात मी फेसिंग करून आणलं. परतताना दोघींची कामं झालेली होती.

नवं गॅस्केट बसवलं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टॉर्कच्या पान्याने, तीन फेऱ्यांत आवळले. एका झटक्यात आवळले तर हेड पुन्हा वाकतं. सगळं मिळून साडेतीन हजार. मिस्त्रीने मजुरी घेताना त्यातले 100 हिच्या हातावर ठेवले, तपासणीची फी म्हणून. तिने ते घेतले.

व्हॅनच्या बाटलीवर हिने नेलपॉलिशने लाल रेघ ओढून ठेवली आणि पुतण्याला बजावलं, मला विचारल्याशिवाय यात पाणी टाकायचं नाही.