‘ऑझ’चा चित्रपट आणि प्रेक्षकांची मते : मत वाचताना तारीख का विचारावी?

१/ इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, शकावल्या आणि दफ्तरखान्यातील रुमाल आपल्या डोळ्यांसमोर येतात. आजच्या धाग्यात एक निराळे साधन हाती घेऊ : प्रेक्षकाचे मत. १९३९ साली अमेरिकेत ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा चित्रपट झळकला. मुलांच्या पुस्तकावरून काढलेल्या या अद्भुतकथेविषयी तेव्हापासून आजवर अनेक परस्परविरुद्ध मते मांडली गेली. त्यांतली काही येथे कालक्रमाने मांडतो. शेवटाकडे माझ्या आजीचेही एक मत येईल. या धाग्याचे खरे निमित्त तेच आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचा.

२/ प्रथम मूळ पुस्तक. लायमन फ्रँक बॉम यांचे ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ १९०० साली शिकागोत प्रसिद्ध झाले, चित्रे डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो यांची होती. त्याआधी बॉम यांनी डकोटाच्या माळरानावरील ॲबर्डीन गावात दुकान काढून पाहिले, ते बुडाले. वृत्तपत्र चालवून पाहिले, तेही टिकले नाही. अवर्षण आणि कर्ज यांनी पिचलेली शेतकरी कुटुंबे त्यांनी जवळून पाहिली होती. पुस्तकाच्या आरंभी कॅन्ससची जमीन, गवत, घर, इतकेच काय माणसेही करड्या रंगाची झालेली दिसतात, त्यामागे हा अनुभव असावा असे मला वाटते.

३/ कथा थोडक्यात अशी. कॅन्ससमध्ये हेन्रीकाका आणि एमकाकू यांच्यापाशी वाढणारी डोरोथी ही अनाथ मुलगी चक्रीवादळात घरासकट उडून ऑझ या अद्भुत देशात पडते. पिवळ्या विटांच्या रस्त्याने पाचूनगरीकडे जाताना तिला तीन सोबती भेटतात : मेंदू हवा असलेले बुजगावणे, हृदय हवे असलेला पत्र्याचा माणूस आणि धैर्य हवे असलेला सिंह. सर्वशक्तिमान म्हणून गाजलेला जादूगार पडद्याआडचा एक साधा माणूस निघतो. घरी नेण्याची शक्ती मात्र आरंभापासून डोरोथीच्या पायांतल्या जोड्यांत असते.

४/ वॉल्ट डिस्ने यांच्या ‘स्नो व्हाइट’ला १९३७ पासून मोठे यश लाभले, तेव्हा मेट्रो-गोल्डविन-मेयर अर्थात एम.जी.एम. या स्टुडिओने ‘ऑझ’ हाती घेतला. दिग्दर्शक म्हणून व्हिक्टर फ्लेमिंग यांचे नाव लागले, तरी कॅन्ससची दृश्ये किंग व्हिडोर यांनी चित्रित केली. डोरोथीच्या भूमिकेत सोळा वर्षांची ज्यूडी गार्लंड होती. पुढील चर्चेसाठी पुस्तकात केलेले दोन बदल ध्यानात ठेवा. पुस्तकातील चांदीचे जोडे पडद्यावर माणकांचे झाले, कारण टेक्निकलरच्या रंगांत लाल अधिक उठून दिसे. आणि पुस्तकात ऑझ हा खराखुरा देश आहे. चित्रपटात ते डोरोथीचे स्वप्न ठरते.

५/ आता मतांकडे वळू. पहिले मत प्रदर्शनापूर्वीचे आहे. पूर्वप्रदर्शनानंतर ‘ओव्हर द रेनबो’ हे गाणे गाळावे असा आग्रह स्टुडिओतल्याच काही मंडळींनी धरला होता. त्यांच्या मते गाण्याने आरंभीची गती मंदावत होती. गाणे कसेबसे वाचले आणि त्यालाच त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्कर मिळाले. ऑगस्ट १९३९ मध्ये चित्रपट झळकल्यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या फ्रँक न्युजंट यांनी त्याचे मनापासून स्वागत केले. ‘न्यूयॉर्कर’च्या रसेल मलोनी यांनी मात्र त्याची टर उडवली, त्यांना त्यात कल्पकतेचा मागमूसही सापडला नाही. शहर एक, महिना एक, निकाल दोन!

६/ ब्रिटनमध्ये वाद वेगळाच झाला. तेथील सेन्सॉरने चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र दिले, म्हणजे मुलांनी तो मोठ्यांच्या सोबतीशिवाय पाहू नये. हिरव्या तोंडाची चेटकीण आणि उडती माकडे मुलांना भेडसावतील अशी धास्ती होती. १९४० च्या आरंभी समीक्षण लिहिताना कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांनी या निर्णयाची यथेच्छ खिल्ली उडवली. गंमत पाहा : बॉम यांनी पुस्तकाच्या प्रस्तावनेत, मुलांच्या काळजाला घरे पाडणारे आणि रात्री दचकवणारे जुने प्रसंग आपण टाळले आहेत, असा दावा केला होता. चाळीस वर्षांनी त्याच कथेपासून मुलांना जपण्याची वेळ सेन्सॉरला आली.

७/ तिकीटबारीचे मत काय होते? निर्मितीवर सुमारे २७.७ लाख डॉलर खर्च झाला आणि पहिल्या प्रदर्शनातून सुमारे ३० लाख डॉलर आले. जाहिरात व वितरण यांचा खर्च धरता स्टुडिओला जवळपास ११ लाखांचा तोटा झाला. ‘प्रेक्षकांनी चित्रपट नाकारला’ असा निष्कर्ष येथे पटकन निघू शकतो. तो काढण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात घ्या. प्रेक्षकांत मुले फार होती आणि त्यांचे तिकीट स्वस्त होते. शिवाय देशभर प्रदर्शन सुरू झाले २५ ऑगस्टला आणि १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. युरोपातील उत्पन्नाचा भरवसा संपला. रांगेत उभे राहिलेल्यांना चित्रपट कसा वाटला, हे हिशेबाच्या वहीतून समजत नाही.

८/ त्या प्रेक्षकांनी काय सोसले होते, हेही पाहू. १९३० च्या दशकात कॅन्सस, ओक्लाहोमा आणि शेजारच्या मैदानी प्रदेशात अवर्षण व धुळीची वादळे यांनी शेती उद्ध्वस्त केली होती. १४ एप्रिल १९३५ या दिवशी धुळीने भरदिवसा अंधार केला. ‘काळा रविवार’ म्हणून तो स्मरणात राहिला. असंख्य कुटुंबे घरदार सोडून कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली. चित्रपटाच्या आरंभी उबवणयंत्र बिघडल्याने पिल्ले वाचवण्याच्या धांदलीत काका-काकूंना डोरोथीचे ऐकायला सवड नसते. आपल्याला हा किरकोळ तपशील वाटतो. दारिद्र्य उंबऱ्यापर्यंत आलेले पाहिलेल्या माणसाला तो तसा वाटला असेल काय?

९/ चित्रपटाचे भाग्य पालटले ते दूरचित्रवाणीमुळे. ३ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री सी.बी.एस. वाहिनीने तो प्रथम दाखवला. सुमारे साडेचार कोटी लोकांनी पाहिल्याचा अंदाज होता. १९५९ पासून तो बहुधा दरवर्षी, आणि मुले जागी असतील अशा वेळी, दाखवला जाऊ लागला. घरोघरी व्हिडिओ येण्यापूर्वीचा हा काळ. वर्षातून एकच संध्याकाळ. ती चुकली की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचे. सणासारखी वाट पाहून, भावंडांच्या घोळक्यात पाहिलेल्या चित्रपटाविषयीचे मत हे त्या संध्याकाळीविषयीचेही मत असते. ‘सर्वांचा लाडका’ ही कीर्ती मुख्यतः या पिढीची देणगी आहे.

१०/ यातही एक विसंगती दडलेली आहे. करड्या-तपकिरी कॅन्ससमधून डोरोथी दार उघडते आणि समोर रंगीत ऑझ उलगडतो, हा चित्रपटातील सर्वांत गाजलेला क्षण. परंतु १९५६ साली बहुतेक घरांतले संच कृष्णधवल होते. म्हणजे लक्षावधी मुलांनी दार उघडलेले पाहिले, रंग पाहिलेच नाहीत. तरीही त्यांना चित्रपट आवडला! ‘रंगांमुळे हा चित्रपट अजरामर झाला’ असे सरसकट विधान कोणी केले, तर ही मुले आठवावीत.

११/ १९६४ साली एक नवे मत आले, तेही इतिहासाच्या वर्गातून. न्यूयॉर्क राज्यातील शाळाशिक्षक हेन्री लिटलफील्ड यांना १८९० च्या दशकातले चलनाचे राजकारण विद्यार्थ्यांना शिकवायचे होते. डॉलरला सोन्याबरोबर चांदीचाही आधार द्यावा, म्हणजे पैसा खेळता होईल आणि कर्ज हलके होईल, अशी शेतकऱ्यांची मागणी होती. लिटलफील्ड यांनी कथेत हे सारे दाखवले : पिवळा रस्ता म्हणजे सोने, चांदीचे जोडे म्हणजे चांदी, बुजगावणे म्हणजे शेतकरी, पत्र्याचा माणूस म्हणजे कारखान्यातला मजूर आणि सिंह म्हणजे नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन.

१२/ ‘अमेरिकन क्वार्टरली’ या नियतकालिकातील हा लेख इतका गाजला की पुढे अनेकांनी ते बॉम यांचेच गुपित म्हणून सांगितले. वस्तुतः बॉम यांनी १८९६ च्या निवडणुकीत ब्रायनविरोधी मॅकिन्ली यांच्या बाजूने कविता लिहिली होती. पुढे लिटलफील्ड यांनीही बॉम त्या चळवळीचे समर्थक असल्याचा आधार नाही असे स्पष्ट केले. आणि चांदी पुस्तकात आहे, पडद्यावर माणके आहेत. केवळ चित्रपट पाहणाऱ्याला हा अर्थ सुचणेही कठीण. एका मास्तरांचे अध्यापनाचे साधन लेखकाचा हेतू म्हणून कसे पसरते, याचा हा नमुनेदार दाखला आहे.

१३/ आता दुसरा बदल, म्हणजे स्वप्न. प्रौढ प्रेक्षक निव्वळ अद्भुत गोष्ट स्वीकारणार नाहीत, अशी स्टुडिओला शंका होती. म्हणून शेतावरचे तीन गडीच ऑझमध्ये बुजगावणे, पत्र्याचा माणूस आणि सिंह होतात. डोरोथी अंथरुणात जागी होते आणि आपल्या घरासारखे दुसरे काही नाही, हे तात्पर्य हाती येते. पुस्तक वाचून गेलेल्या कित्येकांना हा शेवट आजही फसवणुकीसारखा वाटतो. मीही त्यांच्यातलाच एक.

१४/ या तात्पर्यावर सर्वांत धारदार आक्षेप मुंबईत जन्मलेल्या एका प्रेक्षकाने घेतला. सलमान रश्दी यांनी हा चित्रपट बालपणी मुंबईत पाहिला आणि दहाव्या वर्षी ‘ओव्हर द रेनबो’ याच नावाची गोष्ट लिहिली. या चित्रपटाने आपल्याला लेखक केले असे ते सांगतात. १९९२ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत त्यांनी शेवटाचा उपदेश नाकारला : चित्रपटाचा खरा प्राण दूर जाण्याच्या आनंदात आहे, असे त्यांचे म्हणणे. तारीख येथेही बोलते. १९८९ च्या फतव्यानंतर रश्दी पोलिसांच्या पहाऱ्यात, ठिकाणे बदलत राहत होते.

१५/ आणि आता माझी आजी. माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली, सुकडीवर पोरे जगवली आणि पुढच्या वर्षी आजोबांच्या मागोमाग ती लालबागला आली. काही वर्षांपूर्वी मी तिला हा चित्रपट दाखवला. संवाद मराठीत सांगत होतो. बुजगावणे तिला फार आवडले. शेवटी डोरोथी घरी परतली, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने तात्पर्य सांगितले. आजीने शांतपणे विचारले, “मग पाऊस पडला व्हता का तिकडं? न्हाई? मंग कशापायी गेली माघारी?”

१६/ तिच्या या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात नाही. पुस्तकमालेत मात्र आहे, आणि ते मला नंतर वाचायला मिळाले. १९१० साली बॉम यांनी ‘द एमराल्ड सिटी ऑफ ऑझ’ लिहिले. वादळात उडालेले घर पुन्हा बांधण्यासाठी हेन्रीकाकांनी शेत गहाण टाकलेले असते. कर्ज फिटत नाही, जमीन जाणार हे निश्चित होते. तेव्हा डोरोथी काका-काकूंना घेऊन कायमची ऑझला राहायला जाते. ज्या लेखकाने कर्जबाजारी माळरान पाहिले होते, त्याने अखेर आपल्या नायिकेला तेथे ठेवले नाही. हे मी आजीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “शानी हाय पोरगी.”

१७/ १९८९ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीसाठी पहिले पंचवीस चित्रपट निवडले, त्यांत ‘ऑझ’ होता. २००७ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदीतही तो गेला. त्या नोंदींमुळे मलोनी यांचे मत रद्द होत नाही, की आजीचेही. मतांची बेरीज करून सरासरी काढण्याऐवजी प्रत्येक मताला तीन प्रश्न विचारावेत : कोणी पाहिला, केव्हा पाहिला आणि त्या वेळी त्याचे स्वतःचे घर कोठे होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समीक्षणात क्वचितच छापलेले असते. ते शोधणे हेच आपले काम.

१८/ जाता जाता एक विनंती. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी लहानपणी पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाविषयी त्यांना विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत, साल आणि गावासह, लिहून ठेवा. चित्रपट आवडला की नाही, एवढ्यावर थांबू नका. शेवट पटला का, हे विचारा. जमल्यास या धाग्याखाली ते नोंदवा. मी सारे वाचणार आहे, आणि आजीलाही वाचून दाखवणार आहे.